पाकीट फोडल्याचा दंड

जबाब
पोलीस ठाणे, तळेगाव (श्यामजी पंत)
दि. ३ सप्टेंबर २०२५, दुपारी १२.३० वा.

मी, मनकर्णाबाई मधुकरराव खवशी, वय ५७ वर्षे, धंदा शेती, तसेच जागृती महिला बचत गटाची अध्यक्ष, राहणार वॉर्ड क्र. ३, तळेगाव (श्यामजी पंत), ता. आष्टी, जि. वर्धा. विचारल्यावरून स्वतः हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती व सुनेसह राहते. मुलगा सचिन अमरावतीला नोकरीस आहे. आमचे घर स्लॅबचे आहे. आज सकाळी दहाच्या सुमारास आमच्या गटाची सभासद भागाबाई गोमाजी उईके हिने माझ्या ओसरीवरून गटाची ठराव वही उचलून नेली. त्याबाबत माझी तक्रार आहे.

जबाब लिहिणाऱ्या रक्षा मॅडम असं पुस्तकी लिवून राह्यल्या होत्या. मी म्हटलं, बाई, माह्या तोंडचं लिवा, तवाच मी सही करन. त्यायनं मान्य केलं.

गटात आम्ही अकरा जणी. जून महिन्यात गटाले कर्ज मंजूर झालं. कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस हेमराज. तो म्हणे, प्रत्येकीले घराचा विमा काढाच लागते, नाई त कर्ज नाई. विम्याचे अठ्ठेचाळीसशे रुपये त्यानं ज्याच्या त्याच्या कर्जातून कापून घेतले. बायायच्या सह्या, अंगठे मीच घेतले. अध्यक्ष हाये त मीच घीन ना? हेमराजनं मले एक मिक्सर देल्ला. तो त्यानं खुशीनं देल्ला, मी मांगतला नाई.

दि. २२ जूनले विम्याची पाकिटं आली. हेमराजनं सांगतलं, पाकीट फोडाचं नाई, फोडलं की विमा बाद. मी सगळ्यायले तसंच बजावलं. बायायनं पाकिटाले हळदकुंकू लावून देवाजवळ ठेवलं. माह्या घरासमोरच्या कांतानं त आपलं पाकीट पेटीत ठेवून वरून कुलूप घातलं. अशा बाया पाह्यजे गटात, सांगतलं ते ऐकणाऱ्या.

भागाबाईनं ऐकलं नाई. तिची सून रिंकू दहावी शिकली हाये. तिनं पाकीट फोडून वाचलं. दि. ११ जुलैच्या मीटिंगमध्ये भागाबाई सगळ्यायच्या देखत उभी राह्यली अन् म्हणे, "अध्यक्षबाई, याच्यात लिवलं हाये, मातीच्या भिंतीच्या घराले काईच भेटत नाई. आमचं त मातीचंच घर हाये. आमचे पैसे वापस मांगून द्या." घ्या! उचलली जीभ लावली टाळ्याले. जंगलातून मोळ्या आणता आणता जिंदगी गेली, अन् मले विमा शिकवते.

आमच्या गटात दंडाची रीत हाये. उशिरा आली दंड, मीटिंगले नाई आली दंड. दंड बसवला की ठराव वहीत तारीख अन् कारण लिवाच लागते, त्याखाली दोघींच्या सह्या. तो नियम मीच केला. मी पन्नास रुपये दंड केला अन् कारण लिवलं, "पाकीट फोडले, वाचून पैसे परत मागितले." तिनं अंगठा लावला, मी सही केली. पाकीट तिच्या हातून घेऊन मी डिंकानं चिकटवून वापस देल्लं. बाकीच्या बाया हासल्या. हासाचंच होतं ते.

रक्षा मॅडमनं विचारलं, तुमचं पाकीट तुमी फोडलं का? विचारल्यावरून सांगते की, होय. सचिन दि. २८ जूनले घरी आलता, त्यानं फोडलं. तो म्हणे, आई, पाकीट भेटल्यापासून तीस दिवसांच्या आत अर्ज देल्ला त सारे पैसे वापस भेटतात, हे पाकिटातच लिवलं हाये. दुसऱ्याच दिवशी त्यानं मोबाईलवरून अर्ज टाकला. दि. ९ जुलैले पैसे खात्यात आले. ही गोष्ट मी गटात सांगतली नाई. हेमराजचं म्हणणं होतं, एकीचं चालून जाते, अकराही जणींनं मांगतले त पुढचं कर्ज अडन. मले गट चालवाचा हाये. अन् माह्या घरचं पाकीट, मी फोडीन नाई त चुलीत घालीन.

मॅडम म्हणे, म्हणजे भागाबाईले दंड केला तवा तुमचे पैसे तुमाले भेटले होते. मी म्हटलं, तारखा तुमीच लावून पाहा.

दि. २६ जुलैले पावसानं भागाबाईच्या घराची मागची भिंत बसली. गोमाजी भिंतीले लागून निजला होता. त्याच्या कमरेचं हाड मोडलं. तवापासून तो शेजाऱ्याच्या पडवीत पडून हाये, वरतून ताडपत्री. मी पाहाले गेलती. पाच मिनिटं बसली. माणूस कण्हून राह्यला होता, बोलण्यासारखं काई नव्हतं.

विमा कंपनीच्या वर्ध्याच्या हापिसानं भागाबाईले उलट लिवलं की, मातीचं घर विम्यात बसत नाई, भरपाई नाई. पैसे वापस पाह्यजे असतीन त मुदत २२ जुलैले संपली. त्याच्या आत मांगितल्याचा काई लेखी पुरावा असन त घेऊन या, मंग विचार करू. आता असा पुरावा तिच्यापाशी कुठून येईन? तो माह्या वहीत होता. दि. ११ जुलै, माह्या हातचं अक्षर, माही सही. हे रिंकूच्या ध्यानात आलं. लय हुशार हाये ते पोट्टी.

भागाबाई दि. १८ ऑगस्टले माह्या घरी आली. पाया पडली. म्हणे, "बाई, त्या पानाचा फक्त फोटो काढू द्या. तेवढ्या पैशात छपराले टिना येतीन, माणसाले घरात नेता येईन." मी म्हटलं, बस, पाहते. अंगणात तूर पडून होती निवडाची. तिनं सांजेपर्यंत पोतंभर तूर निवडली. मंग मी सांगतलं, वहीच्या कपाटाची चाबी सचिनपाशी गेली. मी तूर निवड म्हणून सांगतलं नव्हतं. ते आपल्या मनानं बसली.

दि. २५ ऑगस्टले ते रिंकूले घेऊन आली. रिंकू म्हणे, "काकू, तुमचे वापस आले त आमचे काऊन नाई?" हे तिले कोणं सांगतलं, मले मालूम नाई. मी दार लावून घेतलं. चोराच्या उलट्या बोंबा! त्याच सांजले मी हेमराजले फोन केला. तो म्हणे, ते पान राहू देऊ नका, तुमीही फसान अन् मीही.

आज सकाळी मी ओसरीवर वही काढून बसली होती, महिन्याच्या मीटिंगसाठी. चहा पाहाले आत गेली. बाहेर आली त भागाबाई वही पोटाशी धरून फाटकातून एस.टी. स्टँडकडे निंगाली होती. तिनं मले धक्का देल्ला नाई, शिव्या देल्ल्या नाई. जाता जाता एवढंच म्हणे, "वापस आणून देते, बाई. पाप करून नाई राह्यली मी." चप्पल अंगणातच सुटून राह्यली तिची. समोरच्या कांतानं हे पाह्यलं हाये.

रक्षा मॅडमनं विचारलं, स्टँड तुमच्या घरापासून दोनशे पावलांवर हाये, तुमी मागं काऊन नाई गेल्या? आरडाओरड काऊन नाई केली? विचारल्यावरून सांगते की, मी फाटकाशी उभी राहून पाह्यलं. भागाबाई अनवाणी पळत गेली. वर्ध्याची गाडी लागूनच होती. चढताना तिचा पाय घसरला, पण वही तिनं सोडली नाई. कंडक्टरनं हात धरून वर घेतलं. मले पळाची काई गरज नव्हती. ११ जुलैचं पान मी आठ दिवसांपहिलेच फाडून बंबात घातलं. तिले वाचता येत नाई, अन् रिंकू सोबत नव्हती.

यावेळेपर्यंत ते वर्ध्याले विमा कंपनीच्या हापिसात पोचली असन. साहेबाच्या टेबलावर वही ठेवून उभी असन, अन् साहेब पानं उलटून राह्यला असन.

हा जबाब रक्षा मॅडमनं मले माह्याच बोलीत सावकाश वाचून दाखवला. पानाबद्दलचं वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, हे असंच राहू द्याचं का? मी म्हटलं, राहू द्या, खरं हाये ते. सांगतलं तसंच लिवलं हाये. सही करते.

(सही)
मनकर्णाबाई म. खवशी