कोलशेतहून शहाड, बिनतारी

आमच्या बाबांच्या अँटेनाचं सांगते. बाबा हॅम रेडिओवाले, रीतसर लायसन्स असलेले. डोंबिवलीच्या घराची गच्ची आमचीच होती, तिथून ते रेडिओवर जगभरच्या अनोळखी हौशी लोकांशी गप्पा मारायचे. कोलशेतच्या टॉवरमध्ये राहायला आलो आणि सोसायटीने गच्चीवर अँटेना लावायला साफ नकार दिला. बाबा भांडले नाहीत. रेडिओ कपाटात ठेवला आणि घरातही बोलणं कमी केलं. ते मला बघवेना.

मग मीच बाल्कनीत मावेल असा गोल अँटेना करायला घेतला. मानपाड्याला एका दुकानात एसीची तांब्याची नळी मागितली. दुकानदार म्हणाला, "ताई, एसी किती टनाचा?"

"एसी नाही, रेडिओ आहे."

त्याने मला एकदा नीट बघितलं आणि नळी मोजायला घेतली.

नळी वाकवून सायकलच्या चाकापेक्षा मोठं कडं केलं, त्याला स्टेशन जुळवायला फिरता कपॅसिटर जोडला. रविवारी सकाळी बाबांनी तो अगदी हळू फिरवला. खरखर वाढली. "लागतंय बहुतेक," एवढंच म्हणाले. मी भाजी आणायला गेले. परत आले तर बाबा माइकपाशी बसून चक्क हसत होते.

त्यांनी हेडफोन काढल्यावर मी विचारलं, "कोण होतं? ऑस्ट्रेलिया?"

"शहाड."

माझा चेहरा पडला. "बाबा, शहाडला तर फोन लागतो."

"लागतो की. पण करणार कुणाला? ओळख तर आत्ता झाली."