पाहुणे आले अन् पंखा थांबला

डब्याचं झाकण फरशीवर खणकन पडलं आणि वीज कार्यालयात सौर पॅनलच्या खिडकीपुढे पेंगणारी रांग जागी झाली. मी माझ्या लेकीला, गार्गीला दटावलं. आमच्या पुढचे आजी-आजोबा मात्र बोलते झाले.

"पोरीले पाहाले पाहुणे आले, अन् तुमी त्यायले भर उन्हात गच्चीवर नेलं!"

"पॅनल दाखवाले नेलं वं. नवीनच बसवले ना."

"वरून सांगतलं, आमच्या घरची लाईट आता कधीच जाणार नाही."

"अन् पोहे समोर आले तशी गेली."

"एवढं ऊन होतं, तरी काहून गेली?"

"बाहेरची लाईन बंद झाली का आपले पॅनलही बंद होतात. तारेवर काम करणाऱ्याले शॉक लागू नये म्हणून."

"हे तुमाले माहीत होतं?"

"खापरखेड्याले वीज बनवण्यात जिंदगी गेली वं. माहीत होतं. शान मारताना आठवलं नाही."

"मुलाच्या बापाचा सदरा घामानं चिंब झाला. अजून फोन नाही त्यायचा."

"आपल्या पोरीचं, प्रणालीचं जमलं नाही, तर माह्या तोंडापायी. म्हणून तर बॅटरीचं विचाराले आलो."

"मुलगा मात्र हसून राहिला होता. पेपरनं आईले वारा घालत होता, अन् मधूनच प्रणालीकडेही."

"मंग होकार येईन?"

"येईन. फक्त फोन तुमी उचलू नका."

मी तोंडावर ओढणी धरून हसू दाबलं. गार्गीनं तीच ओढली.

"आई, त्या ताईला तो मुलगा आवडला का?"