उलव्यातला पत्ता

अरे, एरियात बार जास्त झाले की कमी, हे कसं मोजायचं ते आमच्या जाधवकाकांना विचारा. काका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. गळ्यात तुळशीची माळ, जन्मात थेंब घेतलेला नाही. गेटसमोर नवा बार येणार म्हणून बोर्ड चढला, तशी काकांनी तक्रार ठोकली, 'उलव्यात बार आधीच उदंड झालेत!'

एक्साइजचे साहेब पाहणीला निघाले आणि रस्ताच चुकले. इथे सगळे टॉवर सारखेच ना! त्यांनी काकांना फोन लावला. काकांनी तो आमच्यासमोर स्पीकरवर टाकला.

"साहेब, स्टेशनवरून पहिल्या बारला डावीकडे वळा. पुढे वाइन शॉप लागेल, ते सोडा. मग लाल लाइटवाला बार, त्याच्यासमोर बिअर शॉपी. तिथून परत एक बार..."

"बास, बास! झाली माझी पाहणी," साहेब म्हणाले. "नव्या बारला नको म्हणूनच लिहितो."

आम्ही टाळ्या पिटल्या. काका मात्र फोन ठेवेनात.

"साहेब, बार नकोच. पण तो बोर्ड तेवढा राहू द्या. तो लागल्यापासून आमची बिल्डिंग पाव्हण्यांना सापडायला लागलीय."