देठे सरांचा शनिवारचा वर्ग

सुमनवहिनी, प्राचार्य साहेब, नदीपलीकडच्या गावातून आलेली मंडळी, आणि माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

आज या हॉलमध्ये बसायला जागा नाही. व्हरांड्यातसुद्धा माणसं उभी आहेत. देठे सरांबद्दल चार शब्द बोलायला मी उठले आहे. गेल्या सोमवारी सकाळी सर कॉलेजला निघाले, चप्पल घालता घालता छातीत कळ आली, आणि डॉक्टर पोहोचायच्या आत सगळं संपलं. वहिनी, तुमचं दुःख तुमचंच आहे. आम्ही कोणी ते वाटून घेऊ शकत नाही. पण तुमचा माणूस आमच्यात काय करून गेला, ते आज मोठ्यानं सांगायचं आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्राध्यापक विश्वनाथ देठे आपल्या कोपरगावच्या या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. मी पदार्थविज्ञान शिकवते. आमच्या दोन प्रयोगशाळांच्या मध्ये एक भिंत आहे. त्या भिंतीपलीकडून एक दिवस सर मातीनं भरलेलं घमेलं घेऊन माझ्याकडे आले.

पण त्याआधीचं सांगायला हवं. आपल्याकडे कालवा आला, ऊस आला, आणि काही रानं पाण्यानं बिघडली. खार वर आला, माती पांढरी पडली, चोपण म्हणजे घट्ट आणि नापीक झाली. नदीपलीकडच्या इस्माईलभाईंचं रान असंच गेलं. इस्माईलभाई, तुम्ही समोरच बसला आहात. चुकलं तर सांगा. सर तुमच्याकडे आले आणि म्हणाले, "हे रान माझ्या मुलांना शिकायला द्याल?" तुम्ही म्हणालात, "न्या की. तसंबी तिथं काय उगवत न्हाई."

तिथून सुरुवात झाली. दर शनिवारी बी.एस्सी.ची मुलं रानात. माती आणायची, विहिरीचं पाणी आणायचं, प्रयोगशाळेत तपासायचं. आणि परत आल्यावर सर फळ्यावर दोनच प्रश्न लिहायचे. रानात काय अडलं? त्याचं उत्तर कोणत्या तासात आहे?

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. रानात जाऊन आलेली मुलं पुष्कळ असतात. सहल होते, वही भरते, झालं. सरांना ते नको होतं. टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबानं क्षार मोजणं, शिकवायचं तर बाटलीत इस्माईलभाईंच्या विहिरीचं पाणी. मग एखादा विद्यार्थी विचारायचा, "सर, आकडा आला, पण त्याचा अर्थ काय?" सर म्हणायचे, "आत्ता विचारलंस ना? मग तो धडा उद्या घेऊ." पुस्तकातला शेवटचा धडा ते मधेच घ्यायचे.

सगळ्यांना हे पटलं होतं का? नाही. पालक आले. एक जण तावातावानं म्हणाले, "पोरीला शिकायला धाडली, का ढेकळं फोडायला?" प्राचार्य साहेबांनीही विचारलं, "देठे, पोर्शनचं काय? परीक्षा विद्यापीठ घेतं, इस्माईलभाई नाही." सर शांतपणे म्हणाले, "साहेब, एक पान सोडणार नाही. फक्त क्रम बदलतो. निकाल घसरला तर पुढच्या वर्षी बंद करा." साहेब, तुम्ही त्यांना ते वर्ष दिलंत. आज त्याबद्दल सर्वांसमोर तुमचे आभार मानते.

मुलांनी माती तपासली, मातीतला खार सोडवणारं जिप्सम सुचवलं. इस्माईलभाईंनी ते घातलं. हंगाम आला नि गेला. रान होतं तसंच! मग गावच्या पारावर बैठक बसली. मीही होते. इस्माईलभाई उठले. आवाज चढला होता. "सर, तुमचं औषध घातलं. पर रान हाय तसंच हाय. आता काय करू, सांगा तुमी."

सर उभे राहिले. म्हणाले, "औषध बरोबर होतं. पण सुटलेला खार वाहून जायला वाट नाही, याचा आम्ही विचार केला नाही. ती वाट शोधणं माझ्या विषयात येत नाही. बाईंच्या विषयात येतं." आणि भर सभेत माझ्याकडे बोट!

दुसऱ्या दिवशी ते घमेलं माझ्या टेबलावर. "बाई, या मातीतून पाणी का उतरत नाही? तुमच्या कोणत्या तासात आहे हे?"

होतं माझ्या तासात. द्रवांचा धडा मी वर्षानुवर्षं काचेच्या नळ्यांवर शिकवत होते. त्या वर्षी तोच धडा लांब रबरी नळीत पाणी भरून, बांधावर उभं राहून शिकवला. नळीच्या दोन टोकांतल्या पाण्याच्या पातळीवरून उतार मोजला, तो नाल्याकडे निघाला. मधला पाणी वाहून नेणारा जुना चर गाळानं बुजला होता. मुलांनी आणि गावानं मिळून तो उकरला. मग रानाला पाणी देऊन देऊन खार धुतला. आधी धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून मातीत गाडलं, मग गहू. एक कोपरा अजून पांढराच आहे, खोटं कशाला सांगू? बाकीच्या रानात गहू उभा राहिला. त्या दिवशी इस्माईलभाई ओंब्या भाजून घेऊन कॉलेजात आले. सरांनी त्या प्रयोगशाळेच्या टेबलावरच वाटल्या. तिथं खायला सक्त मनाई, हा नियमही त्यांचाच!

आणि परीक्षा? आमची विद्यार्थिनी शालिनी प्रात्यक्षिकाला उभी होती. बाहेरचे परीक्षक म्हणाले, "हे क्षार मोजून उपयोग काय?" ती बोलायला लागली. रान, जिप्सम, चर, सगळं. परीक्षकांनी खुर्ची ओढली आणि बसून ऐकलं. निकाल घसरला नाही, साहेब. तुम्हीच पुढच्या वर्षी शनिवार मोकळा ठेवलात.

मित्रहो, हे काम सरांबरोबर थांबेल का? मी सांगते, थांबणार नाही. आज सकाळी आम्ही शिक्षक बसलो. रसायन, पदार्थविज्ञान आणि आता अर्थशास्त्रही, शनिवारचा तास एकत्र घेणार आहोत. शालिनी एम.एस्सी. करून याच कॉलेजात शिकवायला यायचं म्हणते. वहिनी, हे तुमच्या माणसानं सुरू केलंय. आम्ही ते नीट चालवू.

एक शेवटचं. वर्गात प्रश्न विचारला की सर स्वतः गप्प उभे राहायचे. कितीही वेळ लागो, उत्तर सांगून टाकायचे नाहीत. मुलांवर त्यांचा तेवढा विश्वास होता.

आपण सगळे उभे राहू या. तसेच गप्प राहू या, सरांसाठी.