बाबांची सायकल सौंसरला नेताना

हॅलो?… हो आई, मीच, दामिनी… सौंसरले नाही पोहोचलो अजून. कुठं पोहोचतो! जामसांवलीच्या फाट्याच्या अलीकडंच उभे आहो… अवं, आम्हाले काही नाही झालं. बरे आहो दोघंही. बाबांची सायकल झुकली…

पडली नाही म्हटलं ना! झुकली. कारच्या मागचा, सायकल ठेवाचा रॅक खाली बसला अन् चाक रोडले घासत होतं. तिगावहून पांढुर्ण्यापर्यंत काही नव्हतं. इथं एका मोटरसायकलवाल्यानं ओरडून सांगितलं, म्हणून कळलं…

आता तुले काय सांगू आई! हा रॅक तुझ्या जावयाच्या हलक्या सायकलीसाठी घेतलेला. बाबांची बॅटरीची, एकट्या माणसाले उचलत नाही. तरी यांनी नीट बांधली होती… हो, गाडीच्या अगदी जवळ, दोन्ही चाकं पट्ट्यानं आवळून. मी स्वतः हलवून पाहिली. तेव्हा हँडलले काही नव्हतं. अन् आता पाहतो तं संत्र्यानं गच्च भरलेली चुंगडी लटकून राहिली!

अवं, काहून लटकवली तिथं?… डिक्कीत जागा नव्हती तं मी मांडीवर घेतली असती… हो, हो, लेक माहेरून रिकाम्या हातानं जात नाही. पण रॅक काय बैलबंडी होय का?

…काय? तू नाही? मग कोणी?

बाबांनी?…

खरं सांगून राहिली का? सकाळपासून एक शब्द नाही बोलले माझ्यासंगं. निघालो तं तोंड फिरवून बसले… आम्ही आत चहा घेत होतो तेव्हा? मी त्यांची सायकल हिसकून नेऊन राहिली, अन् ते मले संत्रे बांधून देऊन राहिले!

हो, रडून राहिली. मग काय करू? थकली मी आई. तुझा लेक रोशन पुण्याहून म्हणते, सायकल काढून घे, पुन्हा पडले तं उठणार नाही. त्याले नुसतं म्हणायले काय लागते! घ्याले मी, अन् बाबांचं ते तोंड पाहाले बी मीच…

थांब जरा… अहो, तिची बॅटरी काढून घ्या ना आधी. चावी तिथंच आहे. हलकी होईल. अन् ती चुंगडी आत, माझ्या सीटवर… हां आई, बोल.

ओट्यावर बसले? संत्र्याच्या बगीच्यात नाही गेले?… पायी जाता येते ना. मी काठी आणून दिली होती, ती कुठं आहे?… अजून कागदातच?

मग पडल्यापासून कसे जात होते?… सायकलनं, माहीत आहे मले. त्याचीच तं भीती आम्हाले…

काय? बसतच नव्हते?

थांब, थांब. पुन्हा सांग… हँडल धरून? बगीच्यापर्यंत पायी? रोज?… अन् हे तू मले आता सांगून राहिली!… सांगू नको म्हणाले. हं… काठी धरली तं गाव म्हातारा म्हणेल. सायकल हातात असली की कोणी काही विचारत नाही…

अवं आई. म्हणजे आम्ही त्यांची काठीच नेऊन राहिलो.

दे त्यांना फोन… नाही बोलले तं नको बोलू दे. कानाले लाव फक्त.

बाबा?… बाबा, मी दामिनी. ऐकून राहिले ना?… सायकलले काही नाही झालं. बाबा, मी ती वापस आणून राहिली… हो, आताच. बॅटरी तेवढी माझ्याजवळ राहू द्या. तिच्याबिगर ढकलाले सोपीच जाईल… हो ना? मग झालं.

…काय म्हटलं? जरा जोरानं बोला, मंदिरात दर्शनाले जाणाऱ्या गाड्या आहे इथं, शनिवार ना…

नाही बाबा. कोणालेच नाही सांगत. हे तिकडं पट्टे सोडून राहिले, त्यांनी नाही ऐकलं… त्यांना बी नाही सांगत… रोशनले? रोशनले सांगते, रॅकले वजन पेललं नाही, म्हणून वापस न्यावी लागली.

हो. एवढंच सांगते… ठेवा आता.