ओरडायचं कुणावर?

शुद्धलेखन सांभाळून घ्या हं, शब्दही साधेच आहेत, शाळा लवकर सुटली माझी, आणि चार माणसांत बोलायचं मला जमत नाही, म्हणून लिहूनच आणलंय... पण तुम्हीच सांगा, फुकटची वस्तू खपवायला एवढा घाम? फुकटची!

आमचं रेडिओ केंद्र. मी तिथे हंगामी, वायरी ओढतो. भावजी, म्हणजे ताईचे यजमान, तिथेच इंजिनियर, त्यांनीच मला चिकटवलं. तर आमचा कार्यक्रम वाजवणारा कॉम्प्युटर, ऐन बातम्यांत म्हणणार, 'थांबा, अपडेट होतोय!' बातम्यांच्या मॅडम आत तावातावाने वाचतायत आणि बाहेर श्रोत्यांना... शांतता! मग मोठे साहेब कंपनीला फोन लावून असे ओरडणार, असे ओरडणार, की केबिनची काच थरथरावी! पलीकडून एक गोड बाई, 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, सर...' कॉम्प्युटर बंदचा बंद, पण साहेब मोकळे! लगेच चहा!

भावजी म्हणाले, "ओपन सोर्स सिस्टिम घालू. जगभरच्या लोकांनी मिळून केलेली, फुकट, आतलं सगळं उघडं, आपण सांगू तेव्हाच अपडेट होणार. साहेबांना तू पटव."

"मी? अहो भावजी, तुम्ही बोला ना!"

"मी बोललो की भांडण होतं. तू गरीब दिसतोस. पटले तर तुला कायम करतील." आणि ताईचं वेगळंच टुमणं, 'कायम झालास की मुली बघायला लागते!'

गेलो. साहेब म्हणाले, "बनवली कुणी?"

"सगळ्यांनी, साहेब."

"मालक?"

"सगळेच... म्हणजे कुणीच नाही."

"मग ओरडायचं कुणावर?"

म्हटलं, "अडलं तर इंटरनेटवर विचारायचं, कुणीतरी सांगतं." झालं! "कुणीतरी? मी कुणीतरीवर ओरडू?" मॅडमना गाठलं, म्हटलं तुम्ही तरी सांगा, तर त्या म्हणतात, "सिस्टिम छानच आहे रे, पण ओरडायचं कुणावर?" अहो, शिपाईसुद्धा! चहाचे कप उचलता उचलता, "बाकी ठीक, पण ओरडायचं कुणावर?"

शेवटी भावजींनी माझ्याकडे बघितलं. मग साहेबांनी बघितलं. खालपासून वरपर्यंत, अगदी मापं घेतल्यासारखं... आणि मी कायम झालो! वेगळं टेबल, त्यावर फोन, काम एकच. ताईने लगेच मिठाई वाटली.

नवी सिस्टिम बसली. दिवसभर बातम्या, गाणी, हवामान, सगळं सुरळीत! साहेब दिवसभर फोनवर हात ठेवून बसलेले. काही बिघडेचना! संध्याकाळी चहासुद्धा न घेता घरी गेले हो...

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी बसतोय तोच फोन. "काही बिघडलं?"

"नाही, साहेब."

"का नाही बिघडलं?" आणि जे सुटले! ध्वनिरोधक भिंतीतून ऐकू येत होतं म्हणे! मी काय करणार? उभा राहिलो, मान खाली घातली, म्हटलं, "चूक झाली, साहेब. पुन्हा असं नीट चालणार नाही."