पालकाची सही

वाहन परवान्याच्या रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ आणि त्यांचे वडील. अर्ज नातीचा.

"बाबा, तिनं कुणाला ठोकलं तर जबाबदार मी, असं लिहिलंय."

"मग विमा वाढव आणि सही कर."

"वाढवला. फोन डिकीत ठेवायचा, मैत्रिणी बसवायच्या नाहीत, हेही लिहून घेतलंय. तरी हात धजत नाही. तुम्ही बरे, किल्ली देऊन पेपर वाचत बसायचात."

"कसला पेपर. तू कोपऱ्यावर वळलास की आम्ही मागे. स्कूटर शेजारच्या काकांची, चालवायचे तेच."

"कधी दिसला नाहीत."

"आरशात तू केस विंचरायचास."

"किती दिवस?"

"वर्षभर. मग त्यांच्या मुलाच्या मागे, आणखी वर्षभर."

गृहस्थांनी सही केली आणि वळून मला विचारलं, "तुमच्याकडे स्कूटर आहे का हो?"